कच्च्या घोड्याला डोंगरवाटेवर नेण्याआधी

इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोल ओलांडलं की माळव्याचं पठार संपत येतं आणि विंध्याचा उतार सुरू होतो. चोरल, कालाकुंड, महूच्या बाजूने जानापाव आणि जाम दरवाजा या वाटा मुरलेल्या घोड्याला आवडतात. तीन-चार वर्षांच्या घोड्याला मात्र तिथलं सगळंच नवं असतं, आणि तिथे एकदा खाल्लेली भीती महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून तयारीचा पाया एवढाच की वाटेवर घोड्याला काही शिकवायचं नाही. शिकवायचं ते पागेत, गावातल्या गल्लीत, कापणी झालेल्या शेतात. वाटेवर फक्त शिकवलेलं टिकतंय का ते पाहायचं.

आधी वय पक्कं करा, आणि ते दातांवरून, विकणाऱ्याच्या बोलण्यावरून नाही. समोरचे मधले दोन पक्के दात साधारण अडीच वर्षांनी येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कोपऱ्यातले साडेचारला. कोपऱ्यात अजून दुधाचे दात दिसत असतील तर लांबच्या चढ-उताराची घाई नको. पायांची हाडं लवकर पक्की होतात, पाठीच्या मणक्यांना साडेपाच-सहा वर्षं लागतात, आणि उतारावर पाठीवरही ताण येतो. वजनाचा हिशेबही आत्ताच करून टाका. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८७७ ने भागा. घेर १६० आणि लांबी १५५ असेल तर घोडा ३३४ किलोच्या आसपास. कच्च्या घोड्यावर खोगिरासकट त्याच्या वजनाच्या १५ टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे इथे ५० किलो. १० किलोचं खोगीर धरलं तर स्वार ४० किलोचा हवा. बहुतेक घरांत हा हिशेब इथेच मोडतो. तेव्हा पहिल्या फेऱ्या सरळ पायी चालत, घोडा हाताने धरून करा. त्यात कमीपणा काही नाही, उलट अर्धं काम तिथेच होतं.

दात तपासून घ्यायचं दुसरंही कारण आहे. अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान दुधाच्या दाढांच्या टोप्या सुटत असतात, हिरड्या दुखत असतात, आणि लगामाची तोंडातली कडी ओढली की घोडा मान झटकतो. स्वाराला वाटतं हट्टी आहे. दाढांच्या पुढे एखादा बारका टोकदार दात असेल तर कडी त्याच्यावर आपटते, आणि तो काढून टाकला की ‘हट्ट’ संपतो. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दात, धनुर्वाताची लस आणि रक्ताची तपासणी एकाच खेपेत उरका. पावसाळ्यात आणि त्यानंतर रक्त जरूर तपासा. मोठ्या चावऱ्या माशांमुळे होणारा सर्रा या दिवसांत वाढतो. ताप येऊन-जाऊन, पोटाखाली सूज, अंग उतरणं आणि मागचे पाय लटपटणं ही त्याची लक्षणं, आणि सुरुवातीला ती आळसासारखीच दिसतात.

वाटेला निघायच्या दिवसाच्या चार-पाच दिवस आधी नाल ठोकून घ्या, आदल्या दिवशी नको. एखादा खिळा आत लागला असेल तर तो एक-दोन दिवसांत कळतो. एरवी पाच-सहा आठवड्यांनी नालबंद बोलवावाच लागतो. काळ्या मातीचा इथे दोन्ही बाजूंनी त्रास. पावसात ती खुरात चिकटून नाल ओढून काढते, आणि उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात, ज्यात खूर अडकला की पाय मोडू शकतो. म्हणून कच्च्या घोड्यासाठी दसऱ्यानंतर ते होळीच्या आधीपर्यंतचा काळ. त्यातही दिवाळीचे फटाक्यांचे दिवस वगळा. होळीनंतर रंगपंचमीला, गेरीच्या म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या दिवशी, तर घोडा ठाणावरून हलवूच नका.

आता मोहरकीवरचं, म्हणजे कडी नसलेल्या तोंडावरच्या दोरावरचं काम. निघण्याआधी घोड्याला पाच गोष्टी झोपेतही करता आल्या पाहिजेत. तुम्ही थांबलात की त्याने थांबायचं. दोर हलवला की दोन पावलं मागे सरायचं. बरगडीमागे बोट टेकवलं की मागचा भाग बाजूला न्यायचा. मोहरकी हलकी खाली ओढली की मान खाली घालायची. आणि बांधलेला असताना पंधरा-वीस मिनिटं गप्प उभं राहायचं. बांधताना लगामाने कधीही बांधू नका, मोहरकीच्या दोरानेच बांधा. दोर झाडाला थेट नको, आधी सुतळीचा एक फास आणि त्यात दोर. घोडा मागे खेचायला लागला तर सुतळी तुटते, मान नाही. पाचांतली मान खाली घालण्याची सवय पुढे सर्वांत कामाला येते, कारण घाबरलेला घोडा मान वर ताणतो आणि तिथून सगळं बिघडत जातं.

पागेत ताडपत्रीवर एक आठवडा घालवा. ताडपत्री आधी दोन पट्ट्यांत दुमडून जमिनीवर ठेवा, कडांवर दगड ठेवा आणि मध्ये अडीच मीटर वाट सोडा. घोड्याला त्या वाटेतून नेताना त्याचे कान पाहा. मारवाडी किंवा काठियावाडी असेल तर आत वळलेली टोकं खूण दाखवतातच. दोन्ही कान ताडपत्रीकडे, श्वास थांबलेला, पावलं आखडलेली, ही त्याची हद्द. तिथेच थांबा. पुढे ओढू नका आणि मागेही वळवू नका. त्याने श्वास सोडला, फुरफुरला, मान खाली घालून हुंगलं की लगेच दोर सैल करून त्याला दहा पावलं लांब न्या. बक्षीस लांब जाण्यातच आहे. लोक इथे नेमकं उलटं करतात, घोडा हुंगायला लागला की ‘चल आता’ म्हणून ओढतात, आणि त्याला कळतं की उत्सुकता दाखवली की ओढाताण होते. दुसऱ्या दिवशी वाट दोन मीटर, मग एक, मग पट्ट्या जुळवून टाका. पाय ठेवल्यावर ताडपत्री चुरचुरेल, तो उडी मारेल. उडी मारू द्या, फक्त तुम्ही पुढे उभे राहू नका, डाव्या खांद्याजवळ राहा. एका बाजूने जमलं की उजव्या बाजूने नव्याने सुरू करा, कारण घोड्याला डाव्या डोळ्याने ओळखीची झालेली वस्तू उजव्या डोळ्याला पुन्हा नवी वाटू शकते.

हाच क्रम छत्री, सिमेंटची पोती, मोटरसायकल आणि ट्रॅक्टरवरच्या गाण्यांसाठी. दुचाकी आधी बंद करून उभी ठेवा, मग चालू पण उभी, मग घोड्याच्या पुढे हळू जाणारी. पळत्या गाडीच्या मागे चालताना घोडा तिला पिटाळत असतो आणि त्याची छाती फुगते. मागून येणारी गाडी शेवटी.

सोबतीला अनुभवी घोडा हवाच. इंदुरात वरातीच्या घोड्या भरपूर आहेत, बँडसमोर डुलक्या काढतात, आणि गोंगाटाच्या धड्यासाठी त्यांच्यासारखी सोबत नाही. पण डांबरावर मुरलेली घोडी पाण्याला आणि घसरड्या दगडाला तुमच्या घोड्याइतकीच नवखी असू शकते, ते आधी विचारून घ्या. पहिल्या फेरीत कच्चा घोडा मागे, मग बरोबरीने, मग पन्नास पावलं पुढे आणि परत मागे. दोघांत अंतर इतकं ठेवा की तुमच्या घोड्याच्या कानांमधून पुढच्याच्या मागच्या टापा दिसत राहतील. टापा दिसेनाशा झाल्या तर तुम्ही लाथेच्या टप्प्यात आलात. एक घोडा पाणी पीत असेल तर दुसऱ्याने पुढे जायचं नाही. नाहीतर पिणारा अर्ध्या घोटावर मान उचलून धावतो.

पाण्याच्या पहिल्या धड्यासाठी चोरल नदी निवडू नका. आधी पावसानंतरचं डबकं, मग रस्त्यावरून वाहणारा ओघळ. घोड्याला पाण्याची खोली नीट कळत नाही आणि चकाकणारा पृष्ठभाग त्याला खड्डा वाटतो. अरुंद ओहोळ सोपा वाटतो म्हणून तो निवडणं ही नेहमीची चूक. अरुंद ओहोळ घोडा उडी मारून पार करतो आणि दोर धरलेल्या माणसाच्या अंगावर उतरतो. तीन-चार मीटर रुंद, घोट्याइतकं पाणी आणि खाली मुरूम असलेली जागा शोधा, तिथे त्याला पाय ठेवावाच लागतो. ओल्या काळ्या पाषाणावर लोखंडी नाल साबणासारखी घसरते, त्या फरशीवरून नेऊ नका. आत गेल्यावर पुढच्या पायाने पाणी उडवायला लागला तर कौतुक करत बसू नका. पुढची पायरी खोगिरासकट लोळण असते, लगेच टाच देऊन पुढे काढा. पाताळपाणी धबधब्याच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात वर पाऊस पडला की खाली अचानक लोंढा येतो, तिथे कच्चा घोडा नकोच.

चढावर पुढे झुकून आयाळ धरा, लगाम सैल सोडा, मधे दोनदा थांबा. उतारावर सरळ खाली उतरवा. तिरपा नेला की मागचे पाय एकदम बाजूला घसरतात; सरळ असेल तर तो बूड टेकून सावरतो. खोगीर मानेवर सरकू नये म्हणून दुमची, म्हणजे खोगिराला जोडलेला शेपटीखालचा पट्टा, लावायची, पण ती पहिल्यांदा घाटात लावली तर दुगाण्या ठरलेल्या. आठवडाभर आधी पागेत लावून चालवा, मग दुडकीवर, म्हणजे संथ धावेवर, घ्या. चढ सुरू होताना छातीचा पट्टाही तपासा. निघाल्यावर पंधरा मिनिटांनी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळा. निघताना घोडा पोट फुगवून घेतो, नंतर तंग ढिला पडतो.

जाम दरवाज्याची कमान ही वेगळी परीक्षा. घोड्याचे डोळे उजेडातून अंधाराला सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ घेतात. कमानीच्या तोंडाशी अर्धा मिनिट उभं राहू द्या, मान खाली करून पाहू द्या. रविवारी तिथे गर्दी आणि सेल्फीवाले असतात, आठवड्यातला मधला दिवस गाठा. रालामंडल अभयारण्य आहे आणि बाकी बरीच वाट वनखात्याच्या हद्दीतली, तेव्हा परवानगी आधी विचारा. या पट्ट्यात बिबट्या आहे. घोडा एखाद्या झुडपाकडे पाहून ठाम अडला तर दर वेळी त्याला खोटं ठरवू नका.

शेतातून नीलगाय उठली किंवा मोर फडफडला आणि घोडा बुजला तर दोन्ही लगाम एकदम ओढू नका. दोन्हीकडून दाबला गेलेला घोडा मागच्या पायांवर उभा राहतो. एकच लगाम गुडघ्याकडे वळवा, मान वाकवा, मागचा भाग बाजूला सरकू द्या. कड्याच्या अरुंद वाटेवर मात्र हे वळण घ्यायचं नाही. तिथे बिचकण्याची चिन्हं दिसताच, उधळण्याआधी, खाली उतरा. कुत्री मागे लागली तर पळवू नका, घोड्याचं तोंड त्यांच्याकडे करा. समोर उभ्या घोड्यावर कुत्रा सहसा येत नाही. चाबूक घरी ठेवा. भीतीच्या क्षणी मार बसला तर घोडा मार आणि समोरची वस्तू जोडून टाकतो.

पिशवीत खूर साफ करायचा हुक, साडेतीन मीटरचा जादा दोर, सुतळी, धारदार सुरी, सलाईनची बाटली, चिकटपट्टी, कापूस, थर्मामीटर, सैंधव आणि घडीची बादली. सार्वजनिक हौदावर पाजू नका, ग्लँडर्स आणि इतर रोग तिथून पसरतात. मोबाईल स्वतःच्या अंगावर ठेवा, खोगिराच्या पिशवीत नाही. घोडा सुटला तर तो फोन घेऊनच जातो. खोगिरावर मात्र तुमचा नंबर लिहिलेली पट्टी शिवा. चंदी, म्हणजे दाणा, निघायच्या निदान दोन तास आधी द्या, वैरण थोडी आधीपर्यंत चालते.

पहिली फेरी चाळीस मिनिटांची, सकाळी नऊच्या आत संपणारी. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. थांबल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत ती ६४ च्या खाली आली नाही तर त्या दिवशी पुढे जायचं नाही. परतीची वाट शक्य असेल तर वेगळी ठेवा. घर जवळ आलं की घोडा ओढायला लागतो, म्हणून शेवटचा अर्धा किलोमीटर उतरून, तंग एक भोक सैल करून चालत या. पागेत शिरताच तोबरा लावू नका, आधी पाणी आणि खरारा, चंदी तासाभराने.

रात्री चारही पायांवरून हात फिरवून उष्णता आणि सूज पाहा, मग सकाळी कडक जमिनीवर दुडकीत चालवा. मान एका पावलाला खाली जात असेल तर पुढचा पाय दुखतोय. दोन दिवस गेले, चाल सरळ आहे आणि चंदी संपवतोय, असं असेल तर पुढची फेरी दहा मिनिटांनी वाढवा, पण त्यात नवी गोष्ट एकच ठेवा; पाणी असेल तर त्या दिवशी उतार नको.