माती झालेल्या घरी स्वर्गाबद्दल कसं बोलावं

आमच्या दारव्हा तालुक्यात ख्रिस्ती घरं विखुरलेली. कुठं चार, कुठं सात. पास्टर साहेब तालुक्याच्या गावी राहतात आणि त्यांच्याकडं अशी बरीच खेडी. माती असली की ते गाडीवर येतात, कबरेवरचा विधी करतात, चहा घेतात न घेतात तोच दुसरीकडून फोन. एक काळ होता, यवतमाळलाच पास्टर घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. शिकलेला माणूस हवा तर एसटीनं जाऊन बोलावून आणता यायचा. 1983 साली सेमिनरी पुण्याला गेली. आता मातीनंतरच्या सांजेच्या प्रार्थना मंडळीतल्याच कुणीतरी चालवायच्या. मी अंगणवाडीत नोकरी केलेली, चार माणसांत बोलायची सवय, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. हल्ली तरुण पोरं-पोरी विचारतात, "मावशी, तिथं जाऊन बोलाचं काय?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्या दिवशी स्वर्गाचं नावच काढू नका. जाऊन बसा. बाईमाणूस असाल तर घरधनिणीजवळ खाली बसा, खुर्ची घेऊ नका. चूल बंद असते, तेव्हा शेजारून भाकर-पिठलं आलंय का, लेकरांनी खाल्लं का, तेवढं बघा. शास्त्र वाचायचंच असेल तर योहानाच्या शुभवर्तमानातल्या 11 व्या अध्यायातून थोडं वाचा. लाजर मेला तो अध्याय. मार्था येशूला तोंडावर म्हणते की तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. प्रभू तिला रागावत नाही. पुढच्या काही वेळात तो लाजराला कबरेतून बाहेर बोलावणार आहे, त्याला ते ठाऊक आहे, तरी मार्थेची बहीण मरिया आणि तिच्यासोबतची माणसं रडताना पाहून तोही रडतो. इथंच थांबा. पुनरुत्थान ठाऊक असणारा रडतो, मग तुम्ही त्या माऊलीला "रडू नको" कोणत्या तोंडानं सांगणार?

"देवाला फूल आवडलं म्हणून तोडून नेलं", हे वाक्य तर विहिरीत टाका. लेकरू गेलेल्या आईला ते सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. शास्त्रात ते कुठंही नाही. उलट प्रेषित पौलानं मरणाला शत्रू म्हटलंय, सगळ्यात शेवटी नाहीसा होणारा शत्रू, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात. शत्रूनं केलेलं देवाच्या नावावर लावू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बोलता येतं. योहान 14 च्या पहिल्या तीन ओव्या घ्या. वाचण्याआधी प्रसंग सांगा, नाहीतर त्या ओव्या भिंतीवरच्या कॅलेंडरासारख्या नुसत्याच टांगलेल्या राहतात. वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची ही गोष्ट. शिष्य घाबरलेले आहेत, कारण जाणारा येशूच आहे. त्यांना तो सांगतो की पित्याच्या घरी राहायला पुष्कळ जागा आहे, मी तुमच्यासाठी ती तयार करायला जातो आणि परत येऊन तुम्हाला माझ्याजवळ घेईन. थोमा नावाचा शिष्य लगेच अडवतो, तू जातोस कुठं हेच आम्हाला ठाऊक नाही, मग वाट कशी ठाऊक असणार? हा थोमा वगळू नका. ओसरीत बसलेल्या निम्म्या माणसांच्या मनात तोच प्रश्न असतो, फक्त बोलायची लाज वाटते.

काही उपदेशक या ओवीवर येऊन प्रत्येकाला बंगला वाटायला लागतात. घरकुलाच्या यादीत नाव यायची वाट पाहता पाहता जिचा जन्म गेला, तिच्यासमोर असं बोलू नये. तिसरी ओवी पाहा. जिथं मी असेन तिथं तुम्हीही असावं, एवढंच तिथं आहे. कोण वाट पाहतंय ते सांगा. घर केवढं आहे ते राहू द्या.

मग कुणीतरी विचारतं, बहुतेक घरातली सून, "मावशी, बुढा आता या वक्ती कुठं असन?" इथं गडबड होते, कारण शास्त्र दोन गोष्टी सांगतं आणि आपण त्यांचा काला करतो. पहिली मरणानंतर लगेचची. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील, लूक 23:43. तर बुढा ख्रिस्ताजवळ आहे, एवढं बिनधास्त सांगा आणि त्यापुढं रंग भरू नका. दुसरी गोष्ट शेवटची. मेलेले उठतील, देह नवा होईल आणि देव नवं आकाश व नवी पृथ्वी करील. ख्रिस्ती माणसाची आशा या दुसऱ्या गोष्टीवर टेकलेली आहे. ढगावर वीणा घेऊन बसलेले पांढरे कपडेवाले छापील चित्रांतले, ते चित्रातच राहू द्या. उठलेल्या येशूनं शिष्यांसमोर भाजलेली मासळी खाल्ली. त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. मग्दालीया मरियेनं त्याला माळी समजलं, पण त्यानं नावानं हाक मारली तशी ओळखलं. "तो मला ओळखेल का?" असं विधवा विचारते, तेव्हा मी हीच हाक सांगते. लग्नाचं मात्र खरं तेच सांगा. पुनरुत्थानात लग्न करणं-देणं नाही असं प्रभूनंच पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकींना सांगितलंय, मत्तय 22:30. दुसरेपणाच्या बायका हे विचारतात आणि हे उत्तर ऐकून त्यांच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं.

देहाबद्दल पौलाची एक ओळ आमच्या माणसांना लगेच समजते, करिंथकरांस दुसरं पत्र 5:1. तो देहाला तंबू म्हणतो आणि पुढं देवानं बांधलेलं, हातांनी न केलेलं, स्वर्गातलं कायमचं घर आहे असं म्हणतो. पौल स्वतः तंबू करून पोट भरायचा, प्रेषितांची कृत्ये 18:3 मध्ये तसं आहे, म्हणजे तो अनुभवाचं बोलत होता. तंबू म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर सहलीचा तंबू येत नाही. वावरं मोकळी झाल्यावर जनावरं घेऊन काठेवाडी येतात, धुऱ्यावर त्यांची पालं पडतात. पाल फाटतं, ठिगळ लागतं, एका सकाळी उठून पाहावं तर पाल गेलेलं, खुंट्यांची भोकं तेवढी राहिलेली. त्या भोकांकडं पाहून कुणी म्हणत नाही की माणूस संपला. हे मी सांगते तेव्हा म्हातारी माणसं मान हलवतात.

आठव्या दिवसाच्या प्रार्थनेला, किंवा जेव्हा सगळे सोयरे एकदाच जमतात तेव्हा, प्रकटीकरण 21 वाचा. हा अध्याय नीट वाचायला वेळ द्या. हे पुस्तक लिहिणारा योहान पात्म बेटावर होता. त्यानं हे आशियातल्या सात मंडळ्यांना लिहिलं, रोमी राज्याच्या दडपणाखाली जगणाऱ्या माणसांना. पहिल्या पाच ओव्या हळू वाचा. नवं यरुशलेम नगर स्वर्गातून खाली उतरतं. खाली! आपण आयुष्यभर वर-वर म्हणत बोट दाखवतो आणि शास्त्राच्या शेवटी देवच माणसांत राहायला येतो. तो त्यांच्या डोळ्यांतलं सगळं पाणी पुसून टाकील. मरण नाही, शोक नाही, रडणं नाही, कष्ट नाहीत. डोळे पुसायचे तर जवळ यावं लागतं, हाताच्या अंतरावर. चौथ्या ओवीनंतर घटकाभर गप्प राहा, कुणी रडलं तर रडू द्या. पहिल्याच ओवीत समुद्र नाही असं येतं, त्यात अडकू नका. त्याच पुस्तकात श्वापद समुद्रातून वर येतं, तेव्हा समुद्र तिथं भीतीची जागा आहे.

मधल्या ओव्यांत रत्नं, मोत्यांच्या बारा वेशी आणि सोन्याचा रस्ता आहे. शोकाच्या घरी हा भाग वाचू नये असं माझं मत. कर्जाच्या कागदात मंगळसूत्र अडकलेल्या घरी सोन्याची सडक कानाला बरी लागत नाही. पण माप मात्र सांगा, कारण त्यात गंमत आहे. नगर लांबी, रुंदी आणि उंची, तिन्हीकडून बारा हजार स्टेडिया, म्हणजे सुमारे 2,200 किलोमीटर. आपला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. तसे तीन एकापुढं एक टाकले तरी त्या नगराची एक बाजू भरत नाही. बरं, उंचीही तेवढीच कशाला? शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान आठवा. वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच, पहिले राजे 6:20. तिथं फक्त मुख्य याजकानं जायचं, तेही वर्षातून एकदा. आता सगळं नगरच तसं चौरस, आणि आत सगळी माणसं. म्हणून तर 22 वी ओवी म्हणते की नगरात मंदिर दिसलं नाही. वेशी दिवसा कधी बंद होत नाहीत, आणि रात्र तर तिथं नाहीच. ज्यांच्या आजा-पणज्यांना देवळाच्या पायरीवरही उभं राहू दिलं नाही, त्या घरांत हे वाचताना मला वेगळं काही समजवावं लागत नाही.

शेतकरी बसले असतील तर जोडीला यशया 65 घ्या, 17 व्या ओवीपासून. नव्या पृथ्वीवर लोक घरं बांधतील आणि त्यांत राहतील, द्राक्षमळे लावतील आणि त्यांचं फळ खातील. एकानं बांधावं नि दुसऱ्यानं राहावं, एकानं लावावं नि दुसऱ्यानं खावं, असं होणार नाही. मक्त्यानं वावर करणाऱ्याला विचारा ही ओवी केवढी मोठी आहे ती. पऱ्हाटी आपण लावायची, निंदण-डवरण आपलं, बोंडअळी आपल्या वाट्याला, आणि कापूस घरात यायच्या आधी पैसा दुसऱ्याचा. माझ्या घरीही मक्त्याचंच वावर होतं, म्हणून मला सोन्याच्या सडकेपेक्षा ही ओवी जवळची. स्वर्ग म्हणजे कामातून सुटका, असं शिकवू नका. तिथं काम आहे, पण कष्टाचं फळ करणाऱ्याच्याच ताटात.

आता अवघड भाग. आपल्या जिल्ह्यात काही घरी माणूस स्वतःच्या हातानं गेलेला असतो. तिथं कुणीतरी कुजबुजतं की त्याला स्वर्ग नाही. हे तुम्ही बोलायचं नाही आणि समोर कुणी बोललं तर ऐकून घ्यायचं नाही. कॅथलिक मंडळीची 1992 ची धर्मशिकवणही सांगते की अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, देवाला ठाऊक असलेल्या वाटा आपल्याला ठाऊक नसतात. आपण प्रॉटेस्टंट घरी रोमकरांस 8 चा शेवट वाचतो, मरण किंवा जीवन, काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. बस. त्या घरी प्रकटीकरणाचं सुंदर वर्णन लांबवू नका. पाठीमागे राहिलेली बाई म्हणू लागली की "मलेही त्याच्याजवळच जाचं हाय", तर ते भक्तीचं बोलणं समजू नका. तिला एकटं सोडू नका, तिच्या भावाला किंवा बहिणीला त्याच दिवशी सांगा, फवारणीचं औषध घरातून हलवा, आणि टेलि-मानसचा 14416 हा मानसिक आधाराचा सरकारी नंबर लावून द्या. फुकट आहे, मराठीत बोलतात.

ओसरीत सगळे आपलेच नसतात. शेजारचे बौद्ध बांधव येतात, त्यांना आत्मा-स्वर्ग ही भाषाच मान्य नाही. हिंदू सोयरे तेरवीचं विचारतात, वैकुंठाचं बोलतात. त्यांना खोडून काढायला ही जागा नव्हे. आमचं शास्त्र असं सांगतं, एवढं म्हणा आणि पुढं वाचा. कॅथलिक घरी गेलात तर ते मृतासाठी प्रार्थना करतील, 2 नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लावतील. आपल्यात तशी रीत नाही, पण तिथं बसून त्यांच्या घरात वाद कसला घालायचा? मानानं हात जोडून बसा.

लेकरांना वेगळं बसवा, मोठ्यांच्या गर्दीत त्यांना कुणी विचारत नाही. ती सरळ विचारतात, तिथं बैल असतील का? मी यशया 65 ची शेवटची ओवी वाचते. लांडगा आणि कोकरू एकत्र चरतात, सिंह बैलासारखा कडबा खातो. पोरं हसतात. हसू द्या.

प्रार्थना दिवाबत्तीनंतर ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत त्याआधी कुणी मोकळं नसतं. अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका, शास्त्रपाठ घरातल्याच शिकत्या पोरा-पोरीला वाचायला द्या, अडखळलं तरी चालतं. पेटी आणणारा नसेल तर गीत तसंच म्हणा, पाठ असलेलं.

आणि कबरीच्या फरशीवर ओळ कोरायची असेल तर घरच्यांना आधीच विचारून ठेवा, मग घाई होते. प्रकटीकरण 21:4 लांब आहे, सगळी बसत नाही. पहिला तुकडा घ्या. कोरणाऱ्याला ओळ तोंडी किंवा फोनवर सांगू नका. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या, जन्म-मृत्यूच्या तारखा आधारकार्डावरून ताडून घ्या, आणि फरशी गाडीत चढण्याआधी घरातल्या दोघांनी ती वाचावी.