खानापूरच्या पावसात ध्रुवीय पाकिटं जपायची तर

जून ते सप्टेंबर आमच्याकडं खानापूर-बेळगाव भागात ध्रुवीय पाकिटांची, म्हणजे ध्रुवप्रदेशातल्या टपालाचे शिक्के असलेल्या संग्रहातल्या पाकिटांची, तोंडं आपोआप चिकटतात आणि कोऱ्या तिकिटांचा गोंद अल्बमला धरतो. दक्षिण गंगोत्री या भारताच्या अंटार्क्टिकातल्या पहिल्या ठाण्याचा टपाल शिक्का असलेल्या माझ्या पाकिटाची झडप अशीच चिकटली. उघडताना कागदाचा पापुद्रा निघाला, तो अजून सलतो.

1. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या.
2. नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) मलमलच्या पुरचुंडीत बांधून एका कोपऱ्यात ठेवा. कागदाला ती लागू देऊ नका.
3. पाकिटं उभी, सैल ठेवा. झडपेच्या आत बटर पेपरचा तुकडा सरकवा. 1983 च्या अंटार्क्टिका मोहिमेच्या तिकिटासारखी कोरी तिकिटं एकावर एक रचू नका.
4. दाण्यांचा रंग बदलला की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून, गार करून पुन्हा वापरा. स्वयंपाकाचा तवा नको.

डांबरगोळ्या डब्यात अजिबात टाकू नका. आणि चिकटलेलं तिकीट पाण्यात भिजवून सोडवायच्या फंदात पडू नका. दक्षिण गंगोत्रीचं ठाणं बर्फाखाली गेलंय, तिथला शिक्का पाकिटावरच शाबूत राहायला हवा.