ब्रेडसोबतचं ऑलिव्ह ऑइल डिप : या चुका टाळा

आठ-नऊ जिन्नस, अर्धा तास, आणि गॅस पेटवायचीही गरज नाही. तरी घरी केलेलं हे डिप बहुतेक वेळा कडू लागतं, नाहीतर वर सुका पालापाचोळा तरंगतो आणि मीठ तळाशी बसून राहतं. चुका ठरलेल्या आहेत, म्हणून आधी प्रमाण सांगतो. चार जणांसाठी एक्स्ट्रा व्हर्जिन (रिफाइन न केलेलं) ऑलिव्ह तेल ६० मिली (चार मोठे चमचे), सुका ओरेगानो १ छोटा चमचा, सुकं बेझिल अर्धा चमचा, रोझमेरी पाव चमचा, चिली फ्लेक्स पाव चमचा, लसणीची एक लहान पाकळी, मीठ पाव चमचा, लिंबाचा रस १ छोटा चमचा आणि वरून ताजी मिरपूड.

तेलाची फोडणी करणं

सगळ्यात जास्त डिप इथे बिघडतात. कढलं गॅसवर, तेल कडकडीत, त्यात लसूण, लसूण लाल झाली की ओरेगानो. हात सवयीने तिकडेच जातो. पण मोहरी-जिऱ्याला कडक तेल लागतं ते त्यांच्या टणक दाण्यातला स्वाद बाहेर काढायला. ओरेगानोचं सुकं पान कागदासारखं पातळ असतं. कडक तेलात ते काही सेकंदांत काळं पडतं आणि त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो. घरभर सुवास दरवळला म्हणून खूश होऊ नका, तो वाटीतून गेलेला असतो. लसूण सोनेरीच्या पुढे गेली की कडवट होते आणि तो कडवटपणा सगळ्या तेलात उतरतो, पाकळ्या वेचून काढल्या तरी जात नाही. शिवाय महागाचं एक्स्ट्रा व्हर्जिन तेल ज्या ताज्या, हिरव्या चवीसाठी आणलं, तीच उष्णतेने आधी जाते.

कच्चं तेल आपल्याला काही नवं नाही. जवसाची किंवा कारळाची चटणी ताटात घेतली की तिच्यात खळगा करून कच्चं शेंगदाण्याचं तेल ओततो आणि भाकरीने कालवतो. हे डिप त्या घराण्यातलं आहे. इटलीतही टस्कनीत ‘फेत्तुंता’ म्हणून जो प्रकार करतात, त्यात भाजलेल्या पावावर लसूण घासतात आणि नव्या हंगामाचं तेल कच्चंच ओततात. बशीत मसाला घालून पाव बुडवायची पद्धत मात्र रुजली ती अमेरिकेतल्या इटालियन रेस्टॉरंटांत.

तेल कोमट हवंच असेल तर वाटी गरम पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवा. वाटीला हात सहज लावता आला पाहिजे. त्यापलीकडे ऊब नको.

सगळं एकदम तेलात टाकणं

मीठ तेलात विरघळत नाही, कितीही ढवळलं तरी नाही. सुकी पानंही तेलात फुगत नाहीत, त्यांना पाण्याचा अंश लागतो. म्हणून क्रम उलटा करा. लिंबाच्या रसात आधी मीठ विरघळवा, त्यात ठेचलेली लसूण, चिली फ्लेक्स आणि तळहातावर चुरडलेली पानं मिसळा आणि दहा मिनिटं थांबा. रोझमेरी सुईसारखी कडक असते, ती खलबत्त्यात कुटूनच घाला, नाहीतर दातात टोचते. पानं ओलसर झाली की तेल ओता आणि आणखी दहा मिनिटं झाकून ठेवा. ही वीस मिनिटं वाचवायला लोक मिक्सर काढतात. मिक्सरमध्ये लसूण उग्र होते आणि पानांचा हिरवट गाळ होतो. थांबायला वेळ नसेल त्या दिवशी नुसतं तेल, मीठ आणि मिरी घ्या, तेही चांगलं लागतं.

लसणीचं तेल बरणीत भरून ठेवणं

ही चूक चवीची नाही, जिवाची आहे. ‘एकदाच करून ठेवलं की महिनाभर पुरतं’ असं सांगून कच्ची लसूण तेलात बुडवलेली बरणी ओट्यावर ठेवायला शिकवतात. ते ऐकू नका. लसूण जमिनीतून येते, तिच्यावर क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. एरवी ते निरुपद्रवी पडून असतात. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणीत आंबटपणा फारसा नाही, पाण्याचा अंश आहे आणि स्वयंपाकघर उबदार. एवढं जमून आलं की ते रुजतात आणि मज्जातंतूंना लुळं पाडणारं विष तयार करतात. साध्या उकळीने हे बीजाणू मरत नाहीत. विष तयार झालं तरी तेलाचा वास, रंग, चव जशीच्या तशी राहू शकते, त्यामुळे चाखून काही कळणार नाही.

१९८५ साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेल्या ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला. कारण निघालं सोयाबीनच्या तेलातली चिरलेली लसूण, बरणी फ्रीजबाहेर ठेवलेली. कित्येकांच्या आजाराचं निदान आधी भलतंच झालं होतं. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनमध्ये पुन्हा तीन जण अशाच लसणीच्या तेलाने आजारी पडले. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उत्पादनांत आम्ल मिसळणं सक्तीचं केलं.

घरी चमचाभर लिंबू पिळून ते काम होत नाही, कारण आंबटपणा पाकळीच्या गाभ्यापर्यंत पुरेसा पोचला की नाही हे घरी तपासता येत नाही. ताजी बेझिल किंवा रोझमेरी तेलात बुडवून ठेवली तरी धोका तोच. लागेल तेवढंच डिप करा, दोन तासांत संपवा. उरलं तर लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. साठवणीचंच हवं असेल तर सुकी पानं आणि चिली फ्लेक्स कोरड्या डबीत मिसळून ठेवा. लसूण आणि तेल त्या-त्या वेळी.

चुकीची बाटली

‘एक्स्ट्रा लाइट’ म्हणजे चवीला हलकं, रिफाइन केलेलं तेल, कॅलरी तेवढ्याच. ‘पोमेस’ म्हणजे पिळून उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेलं. दोन्ही भाजीला चालतील, कच्चं खायला नकोत. एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये मुक्त आम्लता (तेल बिघडताना सुटणाऱ्या आम्लांचं प्रमाण) ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. घशाला किंचित झोंबलं तर तेल खराब आहे असं समजून परत करू नका, ती झोंब ओलिओकँथल या घटकाची आहे आणि ताजेपणाची खूण आहे. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर मात्र टाकून द्या. पाव लिटरची गडद बाटली घ्या, शेगडीपासून लांब ठेवा, उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. फ्रीजमध्ये तेल गोठलं म्हणून ते अस्सल ठरत नाही, आणि बिघडलं असंही नाही.

किरकोळ, पण रोजच्या

पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगानोच्या पुड्यांत बऱ्याचदा मीठ असतं, त्या वापरल्या तर वरचं मीठ निम्मं करा. चीज किसून घालणार असाल तरीही तेच.

बेझिलऐवजी तुळस नको, तिचा लवंगेसारखा वास सगळं झाकून टाकतो. सब्जाचं झाड बेझिलच्याच जातीतलं, त्याची दोन-तीन कोवळी पानं चालतील.

बाल्सॅमिक व्हिनेगर वापरायचं तर लिंबू वगळा, मीठ व्हिनेगरच्या चमचाभरात विरघळवा. तेलाखाली ते वेगळं दिसणारच, एकजीव करायच्या मागे लागू नका.

पाव गोड आणि मऊ असेल तर तेलात भिजून लगदा होतो. चियाबाटा किंवा फोकाचिया हा इटालियन पाव मिळाला तर उत्तम. गोव्यात असाल तर कडक कवचाचा उंडो किंवा पोई घ्या; पोई तव्यावर दोन्ही बाजूंनी कोरडी शेकून फाडा आणि गरम असतानाच बुडवा.