विभाग आधी की देश आधी? फिलिपिनो सिस्टर्ससोबत काम करताना जे उमगलं

परदेशात नर्सिंगला निघालेल्या आपल्या मुलामुलींना मी आता ‘कुठल्या देशात जायचंय?’ असं आधी विचारत नाही. ‘सध्या कुठल्या विभागात आहेस, आणि तिथे स्वतःच्या हाताने काय काय करतेस?’ हे विचारते. हा प्रश्न मी उचलला तो माझ्या फिलिपिनो सहकाऱ्यांकडून. इंग्लंडमधल्या आमच्या रुग्णालयात नाइटला टॅगालोग आणि मल्याळम सर्रास कानावर पडतात, मराठी बोलणारी बहुतेक वेळा मी एकटीच असते. त्यामुळे हे सगळं मराठीत सांगणारं मला तेव्हा कोणी भेटलं नाही. ते कोणीतरी सांगायला हवं म्हणून लिहिते आहे.

फिलिपिन्समध्ये परदेशी जाण्याची ही वाट आजची नाही. १९४८ पासून अमेरिकेच्या एक्स्चेंज व्हिजिटर कार्यक्रमातून तिथल्या नर्सेस अमेरिकेत जाऊ लागल्या. आता घरात आई सौदीत, मावशी कॅलिफोर्नियात आणि मामेबहीण लंडनमध्ये असणं हे त्यांच्याकडे नवलाचं नाही. कॉलेजात असतानाच तिथल्या मुलीला ठाऊक असतं की नर्सिंगच्या परवान्याची बोर्डाची परीक्षा झाल्यावर पहिली दोन वर्षं कुठल्या वॉर्डात काढायची आणि का. आपल्याकडे केरळच्या घरांत ही समज आहे. महाराष्ट्रात अजून फारशी नाही. आपण ‘मिळेल ती पोस्ट’ धरतो आणि मग एजंटकडे जातो.

पण त्यांना सगळं आयतं मिळालं असं कृपा करून समजू नका. एक काळ असा होता की नर्सेस जास्त आणि नोकऱ्या कमी झाल्या. अनुभवाचा कागद मिळावा म्हणून मुली बिनपगारी ‘व्हॉलंटिअर’ म्हणून राबल्या, काहींनी तर प्रशिक्षणाच्या नावाखाली रुग्णालयालाच पैसे दिले, आणि कितीतरी जणी कॉल सेंटरला गेल्या. सरकारला २००९ मध्ये ‘नार्स’ आणि २०११ मध्ये ‘आरएन हील्स’ अशा योजना काढून त्यांना खेड्यापाड्यात पाठवावं लागलं. पुढे एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे परदेशी जाण्यावरच बंदी आली, आणि ती उठली तेव्हा वर्षाला ५,००० ची मर्यादा बसली. तिकिटं हातात असलेल्या मुली विमानतळावरून परत गेल्या. तेव्हा त्यांची शिस्त जन्मजात नाही, ठेचा खाऊन आलेली आहे.

आता तो खड्डा, ज्यात मी पडले. याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे.

आपल्याकडे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) असो की बीएस्सी, कौन्सिलची नोंदणी ‘नर्स आणि मिडवाइफ’ (बाळंतपण करणारी) अशी एकत्र होते. लेबर रूममध्ये मुरलेली सिस्टर पीव्ही (आतून तपासणी) करते, पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता) भरते, नॉर्मल डिलिव्हरी स्वतः घेते, बाळाला वॉर्मरखाली घेते, डॉक्टर पोचेपर्यंत पीपीएच (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव) सांभाळते. मी हेच करत होते आणि मला ते उत्तम येत होतं. एजंट म्हणाला, ‘मॅडम, मॅटर्निटीला तिकडे प्रचंड मागणी आहे.’ मागणी खरंच होती. पण मिडवाइफची.

ब्रिटनमध्ये एनएमसी या नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे नर्स आणि मिडवाइफ या दोन स्वतंत्र नोंदण्या आहेत. शिक्षण वेगळं, सीबीटी (संगणकावरची परीक्षा) वेगळी, ओस्की (प्रात्यक्षिक परीक्षा) वेगळी. तातडीचा प्रसंग आणि देखरेखीखाली शिकणारे विद्यार्थी सोडले, तर नोंदणीकृत मिडवाइफ किंवा डॉक्टरखेरीज कोणीही बाळंतपण करणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. तुम्ही गावाकडे कितीही बाळंतपणं केलेली असोत, नर्सचा पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, घेऊन तुम्ही तिथे प्रसूती करू शकत नाही. लेबर रूमचा अनुभव दाखवून ॲडल्ट (प्रौढ रुग्णांची) नर्स म्हणून गेलेल्या मुलीला मग मिळतो तो मेडिकल वॉर्ड, नाहीतर वृद्धांचा. मला तोच मिळाला. डिमेन्शियाचे रुग्ण, पडण्याचा धोका, प्रेशर अल्सर, सोशल केअरची वाट बघत अडकलेले डिस्चार्ज. माझ्या हातातलं एकही काम तिथे कामाचं नव्हतं. माझी सगळी वर्षं कोणीतरी पुसून टाकली असं वाटायचं. सही करण्याआधी हे सांगायची तसदी कोणी घेतली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्यासोबत आलेली फिलिपिन्समधल्या सेबूची एक मुलगी पण ‘डीआर’मधली, म्हणजे डिलिव्हरी रूममधली. तिला धक्का बसला नाही. फिलिपिन्समध्ये मिडवाइफ हा वेगळा व्यवसाय आहे, त्याचा १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे दोन्हींतली रेघ तिला ठाऊक होती. ब्रिटनला अर्ज करायचं ठरताच तिने तिथेच बदली मागून घेतली आणि आधी मेडिकल-सर्जिकल वॉर्ड केला. तिची चुलत बहीण मात्र डीआरचा तोच अनुभव घेऊन टेक्सासला गेली, कारण अमेरिकेत ‘लेबर अँड डिलिव्हरी’ ही रजिस्टर्ड नर्सची रीतसर स्पेशालिटी आहे. प्रसूती बहुतेक वेळा डॉक्टर करतात, पण कळांचं, गर्भाच्या ठोक्यांचं सगळं निरीक्षण नर्सच्या हातात असतं. एकाच घरातल्या दोघींनी एकाच अनुभवाचे दोन वेगळे हिशेब मांडले, आणि दोघींचेही बरोबर आले.

म्हणून म्हणते, विभाग आणि देश वेगवेगळे ठरवूच नका. लेबर रूमचंच नाही, प्रत्येक विभागाचं असं आहे.

आयसीयू घ्या. फिलिपिन्समध्ये आणि अमेरिकेत व्हेंटिलेटर बघायला रेस्पिरेटरी थेरपिस्ट असतो. ब्रिटनमध्ये तसा वेगळा माणूस नसतो. लेव्हल थ्रीच्या, म्हणजे सगळ्यात गंभीर, रुग्णामागे एक नर्स, आणि व्हेंटिलेटर, सक्शन, आर्टेरियल ब्लड गॅस (धमनीतल्या रक्ताची तपासणी) सगळं तिचंच. मनिलाच्या मोठ्या आयसीयूतून आलेल्या मुलींनाही इथे सुरुवातीला घाम फुटतो, कारण मशीन ओळखीचं असलं तरी त्याची बटणं त्यांनी कधी फिरवलेली नसतात. आपल्या मोठ्या शहरांतल्या आयसीयूत काम केलेल्या सिस्टर-ब्रदरांना हे जमायला सोपं जातं. एकावेळी तीन-तीन रुग्ण बघितलेले असतात, गॅस काढलेले असतात. घाबरू नका. ‘स्टेप वन’ कॉम्पिटन्सीचं, म्हणजे आयसीयूतल्या सुरुवातीच्या कौशल्यांचं, पुस्तक भरायला पुरेसा वेळ देतात.

डायलिसिसमध्ये नेमकं उलटं. फिलिपिन्समध्ये, आखातात, ब्रिटनमध्ये फिस्टुलाला (डायलिसिससाठी तयार केलेली रक्तवाहिनी) सुया लावण्यापासून मशीन लावण्यापर्यंत नर्स असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते टेक्निशियन करतो आणि सिस्टर औषधं आणि बीपी बघते. अनुभवाच्या पत्रावर ‘डायलिसिस युनिट, दोन वर्षं’ लिहिलेलं असतं, मुलाखतीत ‘बटनहोल की रोप लॅडर?’ (सुई दर वेळी त्याच जागी की नव्या जागी) असा प्रश्न येतो आणि मुलगी गप्प होते. डायलिसिसला जायचं असेल तर आजपासून टेक्निशियनच्या शेजारी उभं राहून सुया लावायला शिका. इनचार्ज नाही म्हणाली तरी पुन्हा विचारा.

ऑपरेशन थिएटर हा फिलिपिनो नर्सेसचा बालेकिल्ला. शिकतानाच त्यांना ‘ओआर-डीआर’ (ऑपरेशन आणि डिलिव्हरी रूम) केसेसची वही भरावी लागायची, त्यामुळे स्क्रबचा, म्हणजे सर्जनला हत्यारं देण्याचा, हात बसलेला असतो. ब्रिटनच्या थिएटरमध्ये त्या चटकन रुळतात. ज्यांना घरी लहान मूल आहे त्यांना थिएटरची दिवसपाळी मी नेहमी सुचवते. पण पगाराचं गणित नीट बघा. एनएचएसमध्ये (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) बँड पाचला, म्हणजे नर्सच्या सुरुवातीच्या वेतनश्रेणीत, रात्रीच्या आणि शनिवारच्या ड्युटीला ३० टक्के, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला ६० टक्के जास्त मिळतात. वॉर्डातली आणि आयसीयूतली मुलगी याच्यावर कर्ज फेडते. थिएटरच्या दिवसपाळीला आणि रात्री बंद असणाऱ्या डायलिसिस युनिटला हे फारसं मिळत नाही. बँड एकच, पण महिन्याअखेरीस हातात येणारी रक्कम बरीच वेगळी. घरी पैसे पाठवायचे असतील तर हे आधी विचारात घ्या. यात लाज कसली?

ब्रिटनबद्दल आणखी एक. तिथे नर्सची नोंदणीसुद्धा क्षेत्रानुसार होते: ॲडल्ट, मुलांची, मानसिक आरोग्य आणि लर्निंग डिसॅबिलिटी. आपल्या सर्वसाधारण शिक्षणावर बहुतेक जण ॲडल्टमध्येच अर्ज करतात. एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) किंवा पेडियाट्रिकचा अनुभव असेल तर ‘मुलांच्या वॉर्डात घालाच’ असा हट्ट मुलाखतीत चालत नाही. ॲडल्ट नर्सला घेणारी युनिट्स असतात, ती शोधावी लागतात.

अमेरिकेबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. इथे ओळख झालेल्या फिलिपिनो मैत्रिणी दोन-तीन वर्षांनी एनक्लेक्स (तिथली नर्सिंग परवान्याची परीक्षा) देऊन अमेरिकेला जातात, आणि आपल्या मुलींना वाटतं आपणही जाऊ. परीक्षा तुम्ही नक्की पास व्हाल. मनापासून अभ्यास करणाऱ्या मराठी मुली मी पास होताना बघितल्यात. अडतं ते व्हिसाच्या रांगेत. ईबी-३ ची, म्हणजे नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डची, रांग तुमच्या जन्माच्या देशानुसार लागते. फिलिपिन्सची रांग भारताच्या मानाने खूपच आखूड आहे. भारताची दहा वर्षांच्या पलीकडे गेली आहे. तुम्ही लंडनहून अर्ज करा नाहीतर रियाधहून, रांग भारताचीच. नवऱ्याचा किंवा बायकोचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाची रांग धरता येते, पण असं किती जणांच्या बाबतीत असणार? मैत्रिणीची योजना जशीच्या तशी उचलून चाळिशीपर्यंत वाट बघत बसू नका.

जर्मनीची चर्चा महाराष्ट्रात २०२४ पासून जास्त आहे, कारण फेब्रुवारीत राज्याने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. फिलिपिन्समधून ‘ट्रिपल विन’ या भरती प्रकल्पातून २०१३ पासून नर्सेस तिकडे जात आहेत. त्यांचं एकच सांगणं असतं: जर्मनीत नर्सच रुग्णाला आंघोळ घालते, भरवते, कूस बदलते, आणि बऱ्याच ठिकाणी शिरेत सुई लावणं डॉक्टरकडे असतं. आपल्याकडे मावशी आणि नातेवाईक करतात ती कामं करायची मनाची तयारी असेल तरच जा. मनापासून करणाऱ्यांना तिथे मान आहे. बी-टू पातळीची जर्मन भाषा येईपर्यंत आणि मान्यता मिळेपर्यंत मात्र मदतनीस म्हणूनच काम करावं लागतं. आयसीयूचं स्वप्न त्यानंतर.

शॉर्टकटवाल्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. ‘अनुभवाचं पत्र बनवून देतो’ म्हणणारा प्रत्येक तालुक्याला असतो. आखातात डेटाफ्लो ही कागदपत्रं पडताळणारी कंपनी थेट तुमच्या जुन्या रुग्णालयाला आणि कौन्सिलला विचारते, आणि खोटेपणा उघड झाला की तो कायमचा नावाला चिकटतो. फिलिपिन्समध्ये जून २००६ ची बोर्डाची परीक्षा फुटली होती. काही जणांच्या पापामुळे त्या परीक्षेत पास झालेल्या प्रामाणिक मुलामुलींनाही अमेरिकेच्या व्हिसास्क्रीन प्रमाणपत्रासाठी पेपर पुन्हा द्यावे लागले. त्या बॅचमधल्या एका सिस्टरचा आवाज आजही ते सांगताना कापतो.

एजंटबद्दल एकच. भारतात परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ब्रिटनच्या भरतीसंहितेप्रमाणे तर नर्सकडून नोकरीसाठी पैसे घ्यायचेच नसतात. पाच लाख मागणाऱ्यासमोरून उठून या. आईचे दागिने गहाण टाकू नका.

मार्गदर्शक कोणाला मानावं? माझं स्पष्ट मत आहे की तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षं आधी गेलेली, त्याच विभागात काम करणारी मुलगी कुठल्याही महागड्या क्लासपेक्षा बरी. फिलिपिनो मंडळींमध्ये थोरलीला ‘आते’ म्हणतात, आणि आते झाली की धाकटीची जबाबदारी आपोआप येते. माझी ओस्कीची तयारी अशाच एका आतेने क्वार्टर्सच्या स्वयंपाकघरात करून घेतली, उशीची रुग्ण करून. मी तिची कोणीच नव्हते. मेडिकल वॉर्डात रडवेली झाले तेव्हा तिनेच सांगितलं की तुझ्या हाताला रक्तस्रावाचा अंदाज आहे, गायनॅकॉलॉजीत अर्ज कर. आज मी तिथेच आहे. गर्भपात झालेल्या, ऑपरेशन झालेल्या बायकांसोबत काम करते, आणि लेबर रूममध्ये शिकलेलं बरंच काही इथे उपयोगी पडतं. नोंदणीकृत नर्सला मिडवाइफरीचा कमी मुदतीचा कोर्स करता येतो, त्याचीही चौकशी चालू आहे.

सध्या ब्रिटनमध्ये परदेशी भरती आटली आहे, जागा कमी आणि अर्ज जास्त आहेत. म्हणून मिळेल त्या वॉर्डाला होकार द्यायची घाई होईल. तुम्हाला होकार द्यावासा वाटला तर द्या, वॉर्डातली दोन वर्षं कोणाचंच नुकसान करत नाहीत. फक्त मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हणतील तेव्हा गप्प बसू नका. वॉर्डाचं नाव विचारा. तिथे नर्स स्वतः काय करते ते विचारा. अंतर्गत बदलीला किती महिन्यांनी अर्ज करता येतो, आणि मुदतीआधी सोडलं तर किती पैसे परत द्यावे लागतील, हे लेखी मागा. उत्तर ईमेलवर आलं की मगच सही करा.