मंडईच्या मनोऱ्याला बाजू किती?

माझी पहिली स्केचबुक दोन वर्षं कोरी राहिली. भाचीनं वाढदिवसाला दिलेली, कापडी बांधणीची. इतक्या देखण्या वहीत आपलं वेडंवाकडं काय गिरवायचं, म्हणून ती कपाटातच. शेवटी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून साधी, ए-५ मापाची स्पायरलची वही आणली आणि दुकानाच्या पायरीवरच पहिल्या पानावर रेघोट्या मारून ते पान खराब करून टाकलं. तुम्हीही तेच करा. एक पान मुद्दाम वाया घालवलं की वहीची भीड चेपते.

पेन्सिलीला शंभरेक जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला शंभरेक ग्रॅम वजनाचा, कागद पुरतो. जलरंग लावायचे तर दोनशेच्या पुढचा घ्या, नाहीतर पान पापडासारखं वळतं. पेन्सिली दोनच, नेहमीची एचबी आणि मऊ, गडद ४बी. खोडरबर मी घरीच ठेवते. पेन मात्र पाण्यानं न फुटणाऱ्या शाईचं हवं. एका जुलैत बसमधून उतरताना वही भिजली आणि जेल पेननं काढलेला अख्खा लक्ष्मी रोड वाहून गेला.

रोज तासभर वगैरे ठरवू नका, जमत नाही. मी बिबवेवाडीहून स्वारगेटला कामाला जाते. बस येईपर्यंतची दहा मिनिटं माझी. तेवढ्यात समोरच्या माणसांचे पाय काढते. चेहरा काढायला घेतला की लोक अवघडतात, चपलांकडे कोणाचं लक्ष नसतं. कोपऱ्यात तारीख आणि थांब्याचं नाव, बास.

‘पण काढू काय?’ हे मला सगळे विचारतात. एक जागा धरा आणि तिथंच जात राहा. माझी जागा महात्मा फुले मंडई. १८८६ साली ती सुरू झाली तेव्हा नाव होतं रे मार्केट. मधला मनोरा अष्टकोनी. पहिल्यांदा काढला तेव्हा मी त्याच्या पाच बाजू दाखवल्या होत्या. चित्र काहीतरी फुगल्यासारखं दिसत होतं, कारण कळेना. पुढच्या रविवारी नुसती उभी राहून बाजू मोजल्या. समोरून तीन, जरा कोपऱ्यातून पाहिलं तर चार. पाचवी दिसूच शकत नाही! अष्टकोन डोक्यात होता, तो मी कागदावर उतरवला होता; मनोऱ्याकडे बघितलंच नव्हतं. आता कुठलीही गोष्ट काढण्याआधी मी ‘इथून किती दिसतं’ ते मोजते. खिडक्या, पायऱ्या, केळ्याच्या फणीतली केळीसुद्धा.

माणसं हलतात, त्याला उपाय आहे. भाजीवाली पुन्हा पुन्हा त्याच चार हालचाली करते: वजन टाकणं, पिशवी उघडणं, सुटे शोधणं, पाणी मारणं. एकाच पानावर चारही आकृत्या अर्ध्या अर्ध्या सुरू करा. ती ज्या पवित्र्यात परत येईल, त्या आकृतीत दोन रेघा वाढवा. फक्त आधी पाव किलो काहीतरी विकत घ्या. ‘घ्यायचं नसेल तर पुढं व्हा’ हे मी ऐकून घेतलेलं आहे.

मंडईचा कंटाळा आला तर कसब्यातल्या तांबट आळीत चक्कर मारा. मठारलेला, म्हणजे हातोडीनं ठोके देऊन घडवलेला, तांब्याचा हंडा काढताना प्रत्येक ठोका काढायचा मोह होतो, तो आवरा. उजेड आणि सावली भेटतात त्या पट्ट्यात पंधरा-वीस ठोके दाखवले की उरलेले बघणारा स्वतःच बघतो. ऊन तापलं की जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी. तिथला गोल नंदीमंडप लंबवर्तुळं शिकायला फार उत्तम.

आणि अगदीच काही सुचत नसेल तेव्हा शाळेतलं स्मरणचित्र. एलिमेंटरीच्या परीक्षेला आपण ठोकळेबाज जत्रा काढायचो, तसं नाही. एक दृश्य मिनिटभर बघायचं, वही न उघडता घरी यायचं आणि रात्री काढायचं. जे आठवत नाही तिथं अंदाजानं काही भरायचं नाही.

गेल्या रविवारी लिंबं विकणाऱ्या आजी आणल्या अशा. पदर आठवला, गोणपाट आठवलं, लिंबांचे पाच-पाचाचे वाटे आठवले. डावा हात कशावर टेकला होता ते काही केल्या आठवेना. यांनी विचारलं, ‘आजींचा हात कुठंय?’ तेवढी जागा कोरी सोडली आहे. या रविवारी बघून येते.