रॉकेटच्या वेडापायी विमानाशी गाठ

परदेशी एमएसला निघालेली दोन-तीन मुलं दरवर्षी फोन करतात. "दादा, स्पेस टुरिझममध्ये जायचंय, रॉकेट प्रोपल्शन, म्हणजे रॉकेटची इंजिनंच घेऊ ना?" मी विचारतो, 'ईव्ह' माहितीये का? बहुतेकांना नसते.

पर्यटकांना अंतराळाच्या काठावर नेणाऱ्या व्हर्जिन गॅलॅक्टिक या अमेरिकी कंपनीचं 'युनिटी' यान जमिनीवरून उडत नसे. दोन धडांचं 'ईव्ह' नावाचं विमान ते मधोमध लटकवून 13-14 किलोमीटर उंच नेई आणि तिथे सोडून देई. मग यानाची रॉकेट मोटर पेटायची. मलाही आधी वाटायचं, विमान यानाला वेग देतं. तो किरकोळच. खरी कमाई हवेची : तिथली हवा जमिनीवरच्या मानाने जेमतेम पाचवा हिस्सा, त्यामुळे तिच्याशी झगडण्यात इंधन जात नाही. शिवाय डिसेंबर 2020 मध्ये मोटर पेटता पेटता बंद पडली, तेव्हा वैमानिकांनी यान तरंगत आणून न्यू मेक्सिकोतल्या धावपट्टीवर नीट उतरवलं. जून 2024 मध्ये 'युनिटी' निवृत्त झालं, पण पुढची यानंही 'ईव्ह'नेच न्यायची असा कंपनीचा बेत आहे.

आता कडू भाग. अमेरिकेत हे तंत्रज्ञान निर्यात-निर्बंधांखाली, म्हणजे ते परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून केलेल्या नियमांखाली येतं. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसेल तर नोकरीचे बहुतेक अर्ज पहिल्याच पानावर अडकतात. माझे दोन अडकले. हे कर्ज काढण्याआधी घरी सांगा, नंतर नको.

म्हणून माझं म्हणणं, कंपोझिट्स शिका, म्हणजे धाग्यांचं कापड आणि राळ यांच्या थरांतून हलके, मजबूत भाग घडवणं. 'ईव्ह'चे 43 मीटरचे पंख कार्बन कंपोझिटचे आहेत, आणि तेच हात पवनचक्कीच्या पात्यालाही लागतात. माझं पोट त्यावरच चालतं.

हे काम पुस्तकात कळत नाही. राळ भिजवलेलं कार्बनचं कापड, म्हणजे प्रीप्रेग, डीप फ्रीजरमध्ये असतं. बाहेर काढलं की पिशवी लगेच फोडायची नाही. थंड कापडावर दव धरतं आणि ते पाणी थरांत अडकतं. कापड बाहेर किती तास राहिलं ते वहीत लिहायचं. प्रत्येक थराच्या पाठीला पातळ प्लास्टिक असतं, ते सोलून एका जागी ठेवायचं आणि व्हॅक्यूम बॅग, म्हणजे हवा ओढून थर दाबणारी पिशवी, लावण्याआधी मोजायचं. सोळा थर, सोळा प्लास्टिकं.

पहिल्या सत्रात मी मोजली नाहीत. पॅनल ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या भट्टीतून, निघालं ते आरशासारखं; मी फोटोही घरी पाठवला. लॅबमधल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने खिशातलं नाणं काढलं आणि बाजारात मडकं वाजवून घेतात तसं पॅनल वाजवत गेला. टण्, टण्, टण्... आणि एका कोपऱ्यात भद्द. तिथे कापलं तर आत तळहाताएवढं प्लास्टिक. तो काही बोलला नाही, नाणं माझ्या हातात देऊन गेला.

तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. भेटायला आलात तर आधी तो वाजवून बघा, मग प्रोपल्शनचं बोलू.