राजपुताना बोटीचा जुना फोटो घरात सापडला तर

आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 च्या 1 सप्टेंबरला मुंबईहून चीनला निघाले ते पी अँड ओ कंपनीच्या राजपुताना बोटीनं, आणि 1931 ला गांधीजी गोलमेज परिषदेला गेले तेही याच बोटीनं, पण इथल्या भैय्या चौकातलं कोटणीसांचं स्मारक बघून आलेल्यांनाही बोटीचं नाव विचारा, आठवत नाही. 1925 ची बोट. युद्धात ब्रिटिश नौदलानं घेतली आणि 13 एप्रिल 1941 ला जर्मन पाणबुडीनं बुडवली. बोट गेली तळाला, उरलंय ते सगळं कागदावर.

आमच्या आत्याच्या ट्रंकेत असाच एक कागद निघाला, चादरींच्या खाली. बोटीचं पोस्टकार्ड, मागं शाईनं चार ओळी, त्यातली एक "एडन आले, उकाडा आपल्या गावासारखाच". एडन म्हणजे वाटेतलं बंदर. मी हुशारी केली आणि लॅमिनेट करून आणलं. एका कोपऱ्यात बुडबुडा आला, आता प्लास्टिक सोडवायला गेलं तर कागदाचा वरचा थरच निघून येतो. तेव्हा लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप नको, फेव्हिकॉल तर नकोच.

हात धुवून, पूर्ण कोरडे करून मगच हात लावा, शेंगाचटणी खाऊन लगेच नको हो, तेलाचा डाग जन्मात जात नाही. फोटो कडेनं धरायचा. चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकला असेल तर ओढू नका, आधी आहे तसाच पानासकट स्कॅन करा, मग पुढचं बघू. स्कॅन 600 डीपीआयला, टिफ फाइलमध्ये (यात फोटोतला बारकावा जात नाही), आणि मागची बाजूसुद्धा, लोक हमखास हीच विसरतात. खरं तर मागच्या बाजूलाच जास्त किंमत आहे, कारण पुढचं चित्र हजारोंनी छापलेलं असतं, "एडन आले" एकाच कार्डावर असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षर वाचता येत नाही.

बोट कुठली ते ठरवताना घाई नको. राजपुतानाला दोन धुराडी होती, आपल्या मिलच्या चिमण्यांसारखी लांबूनच दिसतात, पण रांची, रणपुरा आणि रावळपिंडी या तिच्या बहिणीही तशाच दिसायच्या. नाव पुसट असेल तर भिंग घेऊन बघा, तरी नाही लागलं तर "बहुतेक राजपुताना" एवढंच लिहा. इंटरनेटवरचा चकचकीत फोटो उचलून आजोबांच्या नावानं फॅमिली ग्रुपवर टाकणारे महाभाग आमच्याकडेही आहेत.

माहिती फोटोवर लिहायची नाही, वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहा. फोटो अ‍ॅसिड-फ्री कागदाच्या पाकिटात घालून आतल्या, सावलीतल्या खोलीत ठेवा, आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच. डांबरगोळ्या नकोत. स्कॅनच्या तीन कॉप्या, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

आणि म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, पण "आठवणी सांगा" म्हटलं की ती गप्प बसतात. फोटो हातात द्या, पंखा बंद करा कारण रेकॉर्डिंगमध्ये तोच घरघरतो, आणि साधं विचारा, बोटीत जेवायला काय होतं, सोडायला मुंबईच्या बॅलार्ड पियर धक्क्यावर कोण आलेलं. आत्या एवढ्यावरच पाऊण तास बोलली, सगळं ऐकीव, पण कार्ड लिहिणारे काका शाकाहारी होते आणि एडनपर्यंत घरच्या दशम्यांवर राहिले हे कार्डावर कुठंच नव्हतं.